गारगाई धरण : मुंबईच्या पाण्यासाठी आणखी एक खोरं बुडवायचं का?

डोंगरवाट (धागाकर्ता)

गारगाई ही वैतरणेची उपनदी. पालघर जिल्ह्यात, वाडा तालुक्यातल्या ओगद्याजवळ तिला अडवायचं, बोगद्यातून पाणी मोडकसागर तलावात सोडायचं आणि तिथून मुंबईला न्यायचं, असा महापालिकेचा बेत आहे. मिळणार रोज ४४० दशलक्ष लिटर. बुडणार सहा गावं आणि आठशेहून जास्त हेक्टर जमीन, तीही बहुतेक तानसा अभयारण्यातलं जंगल. झाडांचा आकडा दोन लाखांच्या पुढे सांगितला जातो. मोजणीत झुडपं, वेली, गवत कोण धरतो?

कल्पना जुनीच आहे. डॉ. माधवराव चितळे समितीने १९९४ मध्ये मुंबईसाठी मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ ही धरणं सुचवली. मध्य वैतरणा २०१४ मध्ये पुरं झालं. २०२१ च्या सुमारास गारगाई बाजूला ठेवून मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचं ठरलं. मग सरकार बदललं आणि गारगाईची फाईल पुन्हा वर आली.

हा भाग पावसाळ्यात पाहिलेल्यांना वर्णनाची गरज नाही. न पाहिलेल्यांसाठी एकच गोष्ट सांगतो. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर शंभरहून जास्त वर्षं कुणालाच दिसलं नव्हतं, संपलं असंच धरून चालले होते. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ सापडलं आणि २०१४ मध्ये याच तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली. जुनं, मोठ्या ढोलींचं पानझडी जंगल त्याला लागतं. ते लावून येत नाही.

तरीही माझा विरोध 'किती सुंदर खोरं आहे हो' एवढ्यावर उभा नाही. मुंबई रोज चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी आणते. त्यातलं निदान पाव पाणी गळती, चोरी आणि हिशोबातल्या गोंधळात जातं. काही अंदाज तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातात. पावच धरा. हजार दशलक्ष लिटर झाले, गारगाईच्या दुपटीहून जास्त. गळका रांजण तसाच ठेवून दुसऱ्याच्या विहिरीवर हक्क सांगायचा हा प्रकार आहे. आधी रांजण बुजवा, मग खोऱ्याचं बोलू.

मतं येऊ द्या. विरोधी मतं तर जरूर.

————

चाळकरी

विरोधी मत माझ्याकडून घ्या. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, तासाभरात जातं, वरच्या मजल्यावर धार करंगळीएवढी. जून २०२४ मध्ये तलाव तळाला गेले आणि १० टक्के कपात लागली, तेव्हा कपात पाटीवर १० टक्के होती, आमच्याकडे अर्धं पाणी गायब. ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी आहे त्यांनी रानपिंगळ्यावर प्रेम करावं. आम्ही बादल्या मोजतो.

आणि मुंबईने कायम धरणांवरच तहान भागवली आहे. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, मोडकसागर १९५७. त्या काळी कुणी धागे काढले असते तर आज इथे कुणी राहत नसतं.

————

डोंगरवाट

@चाळकरी, तुमची तहान खरी आहे. पण मध्य वैतरणेने २०१४ मध्ये ४५५ दशलक्ष लिटर वाढवले, म्हणजे गारगाईपेक्षा थोडे जास्तच. तुमच्या नळाची धार तेव्हापासून किती जाड झाली?

————

चाळकरी

नाही झाली. पण मधे टॉवर किती उभे राहिले तेही बघा की.

————

आकडेमोड

मीटरशिवाय वाद नको म्हणून थोडं गणित.

४००० दशलक्ष लिटर भागिले सव्वा ते दीड कोटी माणसं. डोई २७० ते ३२० लिटर. शहरांसाठी धरलं जाणारं घरगुती प्रमाण डोई १३५ ते १५०. दीड कोटी गुणिले १५० केलं तरी २२५० दशलक्ष लिटर होतात. उरलेल्यात हॉटेलं, रुग्णालयं, रेल्वे, कारखाने, कार्यालयं आणि ती प्रसिद्ध गळती.

दुसऱ्या बाजूने पाहू. ४४० दशलक्ष लिटर म्हणजे १३५ च्या हिशोबाने सुमारे साडेबत्तीस लाख माणसांचं पाणी. ही काही किरकोळ रक्कम नव्हे, हे विरोधकांनीही मान्य करावं. वर्षाचं पाणी साधारण पावणेसहा टीएमसी (अब्ज घनफूट).

पण खरी मेख वाटपात आहे. इमारतींसाठी १३५ आणि झोपडपट्टीसाठी ४५ असा फरक पालिकेने वर्षानुवर्षं चालवला. अनधिकृत वस्त्यांना पाणीच नाही, हे धोरण पाणी हक्क समितीने कोर्टात नेलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की घर कायदेशीर असो वा नसो, पाणी नाकारता येत नाही. आता विचार करा, धरण वाढलं म्हणून ४५ चे ९० झाले का?

————

निवृत्त_पाणीखाते

पाणीपुरवठ्यात हयात गेली (कुठे ते विचारू नका), म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचणार आहे.

डोंगरवाट, तुमचे हजार दशलक्ष लिटर कुठल्या तरी गटारात वाहत नाहीत. बिलाबाहेरच्या पाण्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात. एक, खरी गळती : जुन्या ओतीव लोखंडी नळ्या, सांधे, सर्व्हिस कनेक्शनं. दोन, चोरीचं पाणी. ते माणसंच पितात, टँकरवाले विकतात. ते बंद केलंत तर त्या माणसांना दुसरीकडून द्यावंच लागेल, म्हणजे शहराची गरज तेवढीच राहते, फक्त बिल कुणाला जातं ते बदलतं. तीन, बंद किंवा चुकीचे मीटर. तिथे पाणी वाया जातच नाही, कागदावर हरवतं. तेव्हा सगळी गळती उद्या थांबली तरी हजार हाती येणार नाहीत. निम्मे आले तरी मी पेढे वाटीन. निम्मे म्हणजे पाचशे, हेही खरं.

आता ती थांबत का नाही ते. लोकांना वाटतं आळस किंवा भ्रष्टाचार. दोन्ही आहेत, पण मूळ कारण तांत्रिक आहे. आपल्या नळ्यांत दिवसाचे दोन-चार तासच दाब असतो. गळती शोधायची तर नळीत दाब हवा, आजूबाजूला शांतता हवी. रात्री काठी कानाला लावून आवाज ऐकत फिरतात. पण रात्री त्या विभागाची नळी रिकामी! जेव्हा पाणी असतं तेव्हा रस्त्यावर गर्दी, मोटारी, आणि पाणी बंद करून खोदायला कुणी देत नाही, कारण तोच तर लोकांचा तास. शिवाय रिकाम्या नळीत बाहेरचा गाळ-सांडपाणी ओढलं जातं, ते वेगळंच. म्हणजे तास-तास पाणी देण्याच्या पद्धतीमुळे गळती वाढते आणि गळतीमुळे चोवीस तास देता येत नाही. २०१४ च्या सुमारास वांद्रे पश्चिम आणि मुलुंडमध्ये चोवीस तास पुरवठ्याचा प्रयोग काढला होता. शहरभर काही तो गेला नाही.

चाळकरी, तुमच्यासाठी : तुमच्याकडे तासभर पाणी येतं ते धरणात पाणी कमी म्हणून नव्हे. तुमचा झोन मोठा, टाकी लांब, नळी अपुरी आणि वॉल्व्हची वेळ ठरलेली. भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात आणखी ४४० ओतलेत तरी शेवटच्या नळीचा व्यास तोच राहणार.

गारगाईच्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडतो. ते पाणी उतारावरून येईल. मोडकसागरापासून भांडुपपर्यंत पंप लागत नाही. मनोरीच्या २०० दशलक्ष लिटरना (पुढे ४०० करायचं म्हणतात) एक हजार लिटरमागे साधारण साडेतीन युनिट धरा. रोजचे सात लाख युनिट झाले. ती वीज कुठल्या तरी कोळशातून येणार, आणि त्या कोळशाखालीही कुणाचं तरी जंगल असतं. हे कुणी बोलत नाही.

————

रानफूल_७७

अप्रतिम प्रतिसाद. निवृत्त_पाणीखाते यांनी स्वतंत्र लेख लिहावा.

————

शहापूरची_सून

मुंबईकरांचं तासभर पाणी ऐकून हसू आलं. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, सगळे आमच्या तालुक्यात किंवा तालुक्याच्या वेशीवर. मुंबईच्या पाण्याचा अर्धा वाटा एकट्या भातसाचा. आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर. विहिरीत टँकर ओतायचा आणि बायांनी उतरून भरायचं. मुंबईची जलवाहिनी दारावरून जाते, तिच्यावर पाय ठेवून पलीकडच्या विहिरीवर जायचं.

आता आम्हाला पाणी द्यायची योजना निघाली ती कुठून? इगतपुरीच्या भावली धरणातून. आमचं पाणी मुंबईला, इगतपुरीचं आम्हाला. उद्या इगतपुरीकरांना कुठून देणार ते देव जाणे.

जंगल वाचवा म्हणणारे आणि धरण बांधा म्हणणारे, दोघेही वीकेंडला इथे येतात, फोटो काढतात आणि बाटलीबंद पाणी पितात. आमचं म्हणणं सोपं आहे. धरणाच्या कामाच्या आधी, आधी म्हणजे आधीच, आसपासच्या प्रत्येक पाड्यावर नळ. नंतर देतो हे तिसऱ्या पिढीला सांगू नका.

————

चाळकरी

ताई, यावर बोलायला तोंड नाही. पटलं.

————

सागरतीर

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि आमच्या नळाला येतं ते पाणी जगातल्या बहुधा सर्वांत प्रसिद्ध अशा बुडालेल्या खोऱ्यातून येतं, म्हणून लिहितोय.

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हेच हेची नावाचं खोरं होतं. ट्वालमी नदी, दोन्ही बाजूंना उभे ग्रॅनाइटचे कडे, धबधबे. सॅन फ्रान्सिस्कोला ते धरणासाठी हवं होतं. केंद्राच्या अंतर्गत खात्याने (सरकारी जमिनी आणि उद्यानं त्यांच्याकडे) आधी परवानगी नाकारली, मग १९०६ चा भूकंप आणि आग झाली, शहराबद्दल सहानुभूती उसळली आणि १९०८ मध्ये वारं फिरलं. निसर्गलेखक जॉन म्यूर आणि त्यांच्या सिएरा क्लब या संस्थेने देशभर रान उठवलं. अमेरिकेत जंगलाच्या बाजूने इतका मोठा जाहीर वाद तोवर झालाच नव्हता. डिसेंबर १९१३ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी धरणाला परवानगी देणाऱ्या रेकर कायद्यावर सही केली. वर्षभराने म्यूर गेले. धरण १९२३ मध्ये पुरं झालं, पाणी शहरात पोचायला १९३४ उजाडलं.

दोन गोष्टी इथल्या चर्चेला लागू पडतात. पहिली, लष्कराच्या अभियंत्यांच्या मंडळाने तेव्हा सांगितलं होतं की शहराला पाणी देऊ शकतील असे दुसरे स्रोत आहेत, हेच हेची फक्त स्वस्त पडेल. म्हणजे 'दुसरा उपायच नाही' हे खरं नव्हतं. 'दुसरा उपाय महाग आहे' एवढंच खरं होतं. दुसरी, एकदा बांधलं की संपलं. १९८७ मध्ये खुद्द रेगन सरकारच्या याच खात्याच्या मंत्र्यांनी, होडेल यांनी, खोरं मोकळं करण्याची कल्पना मांडली. २०१२ मध्ये शहराने त्याच्या नुसत्या अभ्यासावर मतदान घेतलं आणि ७७ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. स्वतःला पर्यावरणवादी म्हणवणारं शहर हे! पाणी शुद्ध, उतारावरून येतं, शिवाय वीजही मिळते. कोण सोडेल?

म्यूर यांची बाजू मात्र एका जागी फार लंगडी होती. खोरं म्हणजे मंदिर, असं ते बोलत राहिले. त्या खोऱ्यात मीवोक आणि पायूट हे मूळनिवासी लोक पिढ्यान् पिढ्या येत होते, ओकची फळं गोळा करत होते, गवत जाळून कुरणं राखत होते. ज्या 'अस्पर्श' कुरणांवर म्यूर भाळले ती त्या लोकांनी घडवलेली होती. त्यांचं नाव या वादात जवळपास कुणीच घेतलं नाही. विरोध करणाऱ्यांनीसुद्धा नाही.

————

मावळतीचा_मावळा

सागरतीर, तुमच्या हेच हेचीला आपल्याकडचं उत्तर आठ वर्षांत मिळालं होतं. १६ एप्रिल १९२१, रामनवमी, मुळशी सत्याग्रह. नीला-मुळेच्या संगमावर टाटांचं धरण, वीज मुंबईच्या गिरण्यांना. बावन्न गावं पाण्यात. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, आणि घोषणा 'जान किंवा जमीन'. जगातल्या पहिल्या धरणविरोधी लोकलढ्यांत त्याची गणना होते.

तिथे निसर्गसौंदर्याचा मुद्दा कुणाच्या तोंडी नव्हता. भाताची खाचरं होती, आंबेमोहोर होता, देव होते. आणि लढा फुटला कुठे, ते आज जास्त महत्त्वाचं. जमिनी बऱ्याच ठिकाणी पुण्याच्या सावकारांच्या नावावर चढलेल्या. कसणारे मावळे म्हणत होते जमीन द्यायची नाही, कागदावरचे मालक म्हणत होते मोबदला वाढवून द्या. कंपनीने मालकांशी बोलणी केली.

गारगाईत कागदावर कोण आहे? वनजमिनीवर पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्याचं नाव वनहक्काच्या दाव्यात असेल तर असेल. दावा मंजूर नाही त्याला मोबदला कशाचा देणार?

————

वाड्याचा_पोर

बरोब्बर बोललात मावळा. मी त्या सहा गावांतला नाही, शेजारचा. नातेवाईक आहेत तिकडे, त्यामुळे जे ऐकतो ते लिहितो.

पहिली गोष्ट, सगळे एका सुरात 'धरण नको' म्हणत नाहीत. काहीजण म्हणतात चांगली जमीन आणि घर मिळत असेल तर जाऊ. पावसाळ्यात रस्ता जातो, दवाखाना लांब, बाळंतपणाला झोळी. पोरं भिवंडीला गोदामात कामाला. त्यांना जंगलाचं कौतुक सांगायला गेलात तर ऐकून घेतील, चहा देतील आणि तुम्ही गेल्यावर हसतील.

दुसरी गोष्ट, जे नको म्हणतात ते का नको म्हणतात तेही ऐका. मोहाची फुलं, डिंक, करवंदं, बांबू, कंद, नदीतले मासे, राबासाठी पाला, सरपण. हे कुठल्या सातबाऱ्यावर नाही. पुनर्वसनात घर मिळतं, मोहाचं झाड मिळत नाही. कातकऱ्यांचं तर सगळंच जंगलावर, त्यांच्या नावावर घराची जागाही नसते कित्येकदा. यादी होते तेव्हा ते वीटभट्टीवर गेलेले असतात. यादीत नाव नाही म्हणजे तो बुडालाच नाही.

तिसरी, आम्हाला कुणी विचारायचं तर ग्रामसभेत विचारा. मुंबईतला धागा म्हणजे ग्रामसभा नव्हे. (राग नका मानू.)

————

डोंगरवाट

राग कसला, हेच ऐकायचं होतं.

ग्रामसभेबद्दल थोडी कायद्याची बाजू. हा पेसाचा (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याचा) भाग, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे दावे निकाली निघाल्याशिवाय कुणाला हलवता येत नाही. २००९ मध्ये केंद्राने पत्रक काढून वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती बंधनकारक केली. २०१३ मध्ये ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी एकामागून एक 'नाही' म्हटलं आणि बॉक्साइटची खाण थांबली. पण २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी ही कडी सैल केली : केंद्र आता आधी मंजुरी देऊ शकतं, वनहक्कांचं बघण्याचं काम राज्यावर. म्हणजे ठराव झाला नाही तरी गाडी पुढे सरकते.

अभयारण्य असल्यामुळे दुसरीही अडचण आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २९ सांगतं की अभयारण्यातला अधिवास नष्ट करायला किंवा पाणी वळवायला परवानगी फक्त वन्यजीवांच्या भल्यासाठीच देता येते. म्हणून अशा प्रस्तावांत 'जलाशयामुळे प्राण्यांना बारमाही पाणी मिळेल' असं एक वाक्य हमखास असतं. बिबट्याचं घर बुडवून त्याला पाणी पाजायचं.

————

खडूस_आजोबा

सगळे मिळून मुंबई रिकामी करा, प्रश्न मिटेल. नाहीतर पाऊस पडतो त्या दोन हजार मिलीमीटरचं काय करता ते सांगा. २००२ पासून नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवायची सक्ती आहे. आमच्या सोसायटीत त्या खड्ड्यावर आता पार्किंग आहे.

————

आकडेमोड

आजोबा, मुंबईचा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि साठवायला जागा नाही, त्यामुळे पिण्यासाठी त्याचा आधार मर्यादित. बागा, फ्लशिंग यासाठी ठीक. खरं मोठं पाणी सांडपाण्यात आहे. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर इथे सात नवी प्रक्रिया केंद्रं होतायत, एकूण क्षमता २४६४ दशलक्ष लिटर. त्यातलं २० टक्के जरी आणखी शुद्ध करून फ्लशिंग, बांधकाम, कारखाने, वातानुकूलन यांना दिलं तर ४९० होतात. गारगाईपेक्षा जास्त, आणि पाऊस पडो न पडो, रोज मिळणारं.

हाच मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. विहार-तुळशी सोडले तर मुंबईचे सगळे मोठे तलाव शहापूर-इगतपुरी-मोखाडा पट्ट्यात, एकाच पावसावर. मान्सून रुसला की सगळे एकदम खाली. गारगाई त्याच पट्ट्यात. ज्या वर्षी तुम्हाला तिची सर्वांत जास्त गरज असेल त्याच वर्षी ती रिकामी असेल.

————

निवृत्त_पाणीखाते

अगदी पूर्ण बरोबर नाही. साठा जास्त असेल तर चांगल्या वर्षाचं पाणी वाईट वर्षाच्या सुरुवातीपर्यंत पुरतं. जूनचा पाऊस लांबतो तेव्हा तेच पंधरा-वीस दिवस जीव वाचवतात. पण मुद्दा धरण्यासारखा आहे. शहराचे स्रोत वेगवेगळ्या स्वभावाचे हवेत.

सांडपाण्याची अडचण केंद्रात नाही, परतीच्या नळीत आहे. शुद्ध केलेलं पाणी इमारतींपर्यंत न्यायला दुसरं जाळं लागतं. मोठ्या गिऱ्हाइकांपासून सुरुवात करता येते.

————

सागरतीर

अमेरिकेचंच आणखी एक उदाहरण, यावेळी चांगलं. बोस्टनसाठी क्वाबिन जलाशय बांधताना १९३८ मध्ये चार गावं नकाशावरून अधिकृतपणे पुसली गेली. पुढे तेही पुरेना, म्हणून कनेटिकट नदीचं पाणी वळवायचा बेत आखला. लोकांनी विरोध केला आणि ऐंशीच्या दशकात शहराने उलटा मार्ग धरला : गळती शोधा, नळ्या बदला, घरोघरी कमी पाण्याचे फ्लश आणि नळ बसवा, कारखान्यांचं ऑडिट करा. १९८० च्या सुमारास रोज ३४ कोटी गॅलन लागत होतं, ते पुढे २० कोटींच्या आसपास आलं. नदी वळवावी लागली नाही. केप टाउननेही २०१८ च्या दुष्काळात तीन वर्षांत वापर निम्म्याहून खाली आणला, पण ती आणीबाणी होती, लोकांना फार सोसावं लागलं. बोस्टनचं काम कंटाळवाणं होतं आणि टिकलं.

————

चाळकरी

बोस्टनमध्ये चोवीस तास दाब असतो हो. वर निवृत्त साहेबांनी सांगितलं ना, आपल्याकडे गळती ऐकूच येत नाही.

————

निवृत्त_पाणीखाते

शाबास. म्हणून आपल्याकडे पायरी वेगळी लागेल. सगळं शहर एकदम नाही. एकेक छोटा झोन वेगळा करायचा, त्याच्या तोंडाशी मोठा मीटर, आत प्रत्येक घराला मीटर, आणि फक्त त्या झोनला काही आठवडे चोवीस तास दाब. दोन्ही मीटरांतला फरक म्हणजे त्या झोनचं हरवलेलं पाणी. रात्री दोन ते चारचा प्रवाह बघायचा. तेव्हा कुणी अंघोळ करत नाही, जे वाहतं त्यातला बराच भाग गळती. दुरुस्त करायचं, पुढच्या झोनला जायचं. यात उद्घाटनाची फीत नाही, कोनशिला नाही, म्हणून रखडतं. धरणाला कोनशिला असते.

————

रानफूल_७७

मग याचिका करायची का? मी सही करायला तयार आहे.

————

वाड्याचा_पोर

सह्या करा, पण 'जंगल वाचवा' एवढंच लिहून पाठवू नका. दरवेळी असं होतं की शहरातली मंडळी झाडांसाठी येतात, झाडांचं काही ठरलं की जातात. मग आमच्या पोराला कळतं की पर्यायी वनीकरण दुसऱ्याच जिल्ह्यात झालं आणि पुनर्वसनाच्या जागेत पाणी नाही. वनहक्काचे दावे आधी निकाली काढा, कातकऱ्यांची मोजणी दिवाळीनंतर नव्हे, पावसाळ्यात करा, जेव्हा ते घरी असतात. हे दोन मुद्दे वर घाला. धरण झालं तरी लागतील, नाही झालं तरी लागतील.

————

शहापूरची_सून

आणि तिसरा, पाड्यांना नळ. आमच्याकडच्या चार धरणांत जे झालं नाही ते पाचव्याच्या आधी व्हायला हवं.

————

डोंगरवाट

तिन्ही घेतले. याचिकेआधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू. निवृत्त साहेब, नेमकं काय मागायचं? 'गळती किती' विचारलं तर एक गोल आकडा येतो आणि विषय संपतो.

————

निवृत्त_पाणीखाते

टक्केवारी मागूच नका. हे मागा : प्रत्येक सेवा जलाशयातून (विभागाला पाणी सोडणाऱ्या टाकीतून) रोज सोडलेलं पाणी, मागच्या तीन वर्षांचं. त्याच विभागांत बिल झालेलं पाणी, त्याच महिन्यांचं. किती मीटर चालू, किती बंद, किती जागी सरासरीवर बिल. किती किलोमीटर नळ्या बदलल्या, कुठल्या विभागात. टँकरना पाणी भरायची अधिकृत ठिकाणं आणि तिथला रोजचा हिशोब. वजाबाकी आपण करू.

आणि अर्ज विभागवार करा. एकत्र केलात तर 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं छापील उत्तर येतं. मी स्वतः तसली उत्तरं सहीसाठी पुढे आलेली पाहिली आहेत.

————

चाळकरी

पहिला अर्ज माझ्या नावाने आमच्या विभागाचा टाका. वीस वर्षं ऐकतोय पाणी कमी आहे म्हणून. कमी आहे की आमच्याकडेच कमी सोडतायत, ते एकदा कागदावर बघू दे. गारगाईला हो म्हणायचं की नाही ते मी त्यानंतर सांगतो.